पुढचा मॅनेजर कोण?

फुटबॉल क्लबचा मॅनेजर म्हणजे क्रिकेट संघाबरोबर जाणारा, प्रवास-मुक्कामाची व्यवस्था पाहणारा मॅनेजर नव्हे. अकरा जणांत कोण खेळणार, बाकावर कोण बसणार, संघ पुढे सरसावून खेळणार की मागे थांबून प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट पाहणार, कोणत्या मिनिटाला कोणाला बाहेर काढायचे, हे सारे तोच ठरवतो. क्रिकेटमध्ये यातले बरेचसे कर्णधाराच्या हाती असते. फुटबॉलमध्ये कर्णधाराच्या दंडावर पट्टी असली तरी शब्द मॅनेजरचा चालतो. इंग्लंडमध्ये तर खेळाडूंची खरेदी-विक्री, सराव, शिस्त, युवा संघाची बांधणी असे सगळेच पूर्वापार या एका माणसाकडे असे. मालक पडद्याआड असतात, खेळाडू आज आहेत तर उद्या नाहीत. लोकांना क्लबचा चेहरा म्हणून दिसतो तो मॅनेजरच. ही खुर्ची रिकामी झाली, किंवा होणार अशी नुसती कुणकुण लागली, की चाहत्यांना दुसरा विषय उरत नाही.

वादाला तोंड बहुधा खुर्ची रिकामी होण्याआधीच फुटते. ओळीने तीन-चार सामने हातचे गेले, घरच्या मैदानावर शिट्ट्या वाजू लागल्या, की सामन्याआधी पबमध्ये आणि परतीच्या रेल्वेत नावे निघू लागतात. ऐंशीच्या दशकात चाहते स्वतः छापून मैदानाबाहेर विकत असलेल्या छोट्या नियतकालिकांतून हा वाद चाले. १९९१ पासून बीबीसी रेडिओच्या ‘६०६’ या कार्यक्रमाने त्याला दर आठवड्याला देशभर ऐकू जाणारे व्यासपीठ दिले. सामना संपला की घरी परतणारा माणूस थेट फोन लावून मॅनेजरला नारळ द्या म्हणून सांगू लागला.

मुद्दे ठरलेले असतात. क्लबचा जुना खेळाडू आणावा की बाहेरचा? कपाटभर करंडक असलेला मुरब्बी माणूस हवा, की छोट्या क्लबात चमक दाखवलेला तरुण? आक्रमक खेळ हवा की जिंकून देणारा कोणताही चालेल? चार बचावपटू की तीन, असल्या तांत्रिक प्रश्नांवरही खडाजंगी होते, पण वादाचे मूळ तिथे नसते. आपला क्लब कोण आहे, त्याने कसे खेळावे आणि कसे हरावे, यावर हे भांडण असते. एरवी कोणी चाहत्यांना हा प्रश्न विचारत नाही. मॅनेजर बदलताना तो सर्वांसमोर येतो, म्हणून या वादाला एवढी धार असते.

मँचेस्टर युनायटेडचा इतिहास या बाबतीत सर्वांत बोलका आहे. मॅट बझबी १९४५ ते १९६९ मॅनेजर होते. १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात आठ खेळाडू गेले, तरी त्यांनी संघ पुन्हा उभा केला आणि १९६८ मध्ये युरोपियन कप जिंकला. ते बाजूला झाल्यावर क्लबने आधी घरचा माणूस, विल्फ मॅकगिनेस यांना बसवले, मग बझबींनाच थोडे दिवस परत बोलावले, मग बाहेरून फ्रँक ओफॅरल यांना आणले, मग टॉमी डॉकर्टी यांना. युरोपचा विजेता संघ सहा वर्षांत, १९७४ मध्ये, दुसऱ्या श्रेणीत घसरला. थोर मॅनेजरनंतरची निवड किती अवघड असते, याचा हा पहिला मोठा धडा होता.

दुसरा धडा उलट दिशेने मिळाला. ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबरडीनहून आले. तीन वर्षे उलटली तरी हाती काही लागले नव्हते. सप्टेंबर १९८९ मध्ये शहरातल्याच मँचेस्टर सिटीने ५-१ असे धुतले. डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसने युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर येऊन २-१ ने हरवले, आणि त्या दिवशी प्रेक्षकांतून एक फलक वर आला: तीन वर्षे सबबी ऐकल्या, खेळ तसाच टाकाऊ, आता रामराम फर्गी, अशा आशयाचा. फलक धरणारा पोटतिडकीने बोलत होता, आणि आसपासच्या अनेकांना ते पटलेही. जानेवारी १९९० मध्ये एफए कपच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर मार्क रॉबिन्सच्या एकमेव गोलवर युनायटेडने सामना काढला. त्या वर्षी लीगमध्ये तेरावे आलेल्या संघाने तो कप जिंकला. संचालक मंडळ डगमगले नाही. फर्ग्युसन पुढे २०१३ पर्यंत राहिले आणि १३ लीग जेतेपदे, दोन चॅम्पियन्स लीग यांसह ३८ करंडक देऊन गेले.

या फलकाची गोष्ट नेहमी ‘चाहत्यांना काय कळते’ याचा पुरावा म्हणून सांगितली जाते. ते अन्यायाचे आहे. १९८९ च्या डिसेंबरात समोर जे दिसत होते त्यावरून तसाच निष्कर्ष निघत होता. युवा संघात काय घडते आहे, सरावात शिस्त कशी बसते आहे, हे प्रेक्षकांतल्या माणसाला दिसण्याची सोय नव्हती. ते संचालकांना दिसत होते आणि थांबण्याची जबाबदारीही त्यांचीच होती.

फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा चाहत्यांनी थांबण्याचा हा धडा मनावर घेतला होता. १२ मे २०१३ रोजी घरच्या मैदानावरील शेवटच्या सामन्यानंतर त्यांनी माइक हाती घेऊन प्रेक्षकांना बजावले की आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहणे हे तुमचे काम आहे. नवे मॅनेजर डेव्हिड मॉइस हे त्यांचीच निवड. करार सहा वर्षांचा. स्ट्रेटफर्ड एंड या जुन्या स्टँडवर ‘निवडलेला’ अशा अर्थाचा मॉइस यांचा मोठा फलक लागला. संघ गतविजेता असूनही गडगडत गेला. २९ मार्च २०१४ रोजी ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या सामन्यात काही चाहत्यांनी पैसे जमवून एक छोटे विमान मैदानावरून फिरवले. मागे फडकणाऱ्या पट्टीवर माणूस चुकीचा निवडला, मॉइस यांना काढा, असे लिहिले होते. लक्षात ठेवण्यासारखे ते पुढचे. विमान दिसताच खाली बसलेल्या हजारोंनी त्याचीच हुर्यो उडवली. मॉइस नकोत असे त्यातल्या कितीतरी जणांचे मत झाले असेल, पण आपल्या मॅनेजरला असे चव्हाट्यावर आणणे त्यांना मंजूर नव्हते. एकाच क्लबच्या चाहत्यांमधली ही दरी कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा स्पष्टपणे त्या दुपारी दिसली. संघाने तो सामना ४-१ ने जिंकला. तरी २२ एप्रिलला मॉइस यांची उचलबांगडी झाली.

पुढे लुई व्हॅन गाल आले. एफए कप जिंकल्यानंतर दोनच दिवसांत, मे २०१६ मध्ये, तेही गेले. जोझे मोरिन्यो आले आणि डिसेंबर २०१८ मध्ये गेले. त्यानंतर जे घडले त्यात या विषयाच्या सगळ्या गाठी एकत्र येतात.

काळजीवाहू मॅनेजर म्हणून क्लबने ओले गुनार सोल्शायर यांना बोलावले. नॉर्वेचा हा माजी आघाडीपटू युनायटेडच्या चाहत्यांचा जीव की प्राण. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध भरपाईच्या वेळेत विजयी गोल मारला तो त्यानेच. मॅनेजर म्हणून पहिल्याच सामन्यात संघाने कार्डिफला त्यांच्या मैदानावर ५-१ ने हरवले आणि पहिले आठही सामने जिंकले. मग ६ मार्च २०१९ ची पॅरिसची रात्र आली. चॅम्पियन्स लीगमध्ये पॅरिसच्या संघाविरुद्ध पहिला टप्पा ०-२ ने गमावलेला, दहा प्रमुख खेळाडू गैरहजर, आणि तरीही अगदी शेवटी मार्कस रॅशफर्डच्या पेनल्टीवर ३-१ असा विजय. टीव्हीच्या स्टुडिओत क्लबचा जुना बचावपटू रिओ फर्डिनंड भावनेच्या भरात म्हणाला की कराराचा कागद पुढे ठेवा, सही करू द्या.

तोवर चाहत्यांत दोन तट होते. एका गटाला टॉटनहॅमचे मॉरिसिओ पोचेटिनो हवे होते: तरुण खेळाडू घडवणारा, कमी पैशांत संघ बांधणारा. दुसरा गट म्हणत होता, क्लबची नस माहीत असलेला माणूस घरात आहे, बाहेर कशाला पाहायचे? पॅरिसनंतर दुसऱ्या गटाचा आवाज एवढा वाढला की पहिला ऐकूच येईना. २८ मार्चला सोल्शायर यांना तीन वर्षांचा करार मिळाला. त्यानंतर लीगमधल्या उरलेल्या आठ सामन्यांपैकी संघाने दोनच जिंकले, आणि शेवटचा सामना घरच्या मैदानावर, आधीच खालच्या श्रेणीत गेलेल्या कार्डिफकडूनच ०-२ ने गमावला. पोचेटिनो यांचा टॉटनहॅम त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत पोहोचला.

सोल्शायर यांची कारकीर्द वाया गेली असे मात्र म्हणता येणार नाही. पुढचे दोन हंगाम संघ तिसरा आणि दुसरा आला. २०२१ च्या युरोपा लीग अंतिम फेरीत पेनल्टींवर ११-१० असा निसटता पराभव झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉटफर्डकडून ४-१ ने हरल्यावर त्यांना काढले. चूक निवडीइतकीच वेळेची होती. हंगाम संपायला दोन महिनेही उरले नसताना थांबायला काय हरकत होती? चाहत्यांनी उत्साहाने वाहून जाणे स्वाभाविक असते. त्याच लाटेवर संचालकांनी स्वार व्हावे हे घातक.

क्लबने तसाच घोळ २०२४ मध्ये पुन्हा घातला. एरिक टेन हाग यांचा संघ लीगमध्ये आठवा आला, पण मे महिन्यात एफए कपच्या अंतिम सामन्यात त्याने मँचेस्टर सिटीला २-१ ने हरवले. वेम्बलीतल्या त्या विजयाने चाहते पुन्हा दुभंगले. क्लबने इतरांची चाचपणी केली, मग टेन हाग यांचाच करार वाढवला आणि ऑक्टोबरात त्यांना काढून टाकले. उन्हाळ्यात घ्यायचा निर्णय शरद ऋतूत घेतल्याने नव्या मॅनेजरला, पोर्तुगालच्या रुबेन अमोरिम यांना, दुसऱ्याने जमवलेल्या खेळाडूंसह हंगामाच्या मध्यात काम सुरू करावे लागले. तो हंगाम युनायटेडने पंधराव्या स्थानावर संपवला.

लिव्हरपूलची तऱ्हा वेगळी. तिथे १९७४ मध्ये बिल शँक्ली यांनी अचानक राजीनामा दिला तेव्हा शहरावर शोककळा पसरली. त्यांचे सहकारी बॉब पेझली यांनी नाइलाजाने पद स्वीकारले. बोलण्यात शँक्लींचा रुबाब नाही, लोकांसमोर उभे राहण्याची हौस नाही; पण त्यांनी सहा लीग जेतेपदे आणि तीन युरोपियन कप आणले. पन्नास वर्षांनी, २६ जानेवारी २०२४ रोजी, युर्गेन क्लॉप यांनी हंगामाअखेर जाण्याची घोषणा केली तेव्हा बहुतेकांच्या तोंडी एकच नाव होते: शाबी अलोन्सो. लिव्हरपूलचा जुना मधल्या फळीतला खेळाडू, २००५ च्या इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल करणारा, आणि त्या वेळी लेव्हरकुझेनला जर्मन लीगमध्ये एकही सामना न हरता पुढे नेणारा. याहून जुळणारी पत्रिका कोणती? पण मार्चअखेर अलोन्सो यांनी लेव्हरकुझेनमध्येच राहत असल्याचे जाहीर केले. क्लबने नेदरलँड्सच्या फेयनूर्डमधून आर्न स्लॉट यांना निवडले. हे नाव अनेकांना नवखे होते.

१९ मे २०२४ रोजी घरच्या ॲनफिल्ड मैदानावर क्लॉप यांचा निरोपाचा सामना झाला. सामन्यानंतर ते मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि निरोपाचे भाषण करता करता त्यांनी स्लॉट यांच्या नावाचा घोष सुरू केला. नवा माणूस अजून रुजू झालेला नव्हता. स्टेडियमने तो घोष उचलून धरला. संशयी चाहत्यांचे मन वळवायला याहून नेमकी कृती सुचली नसती. स्लॉट यांच्या पहिल्याच हंगामात, २७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमला ५-१ ने हरवून, चार सामने बाकी असतानाच लिव्हरपूलने विसावे लीग जेतेपद मिळवले.

चाहत्यांच्या वादात जी नावे फिरतात ती येतात कुठून, हेही पाहायला हवे. इंग्लंडमध्ये सट्टा कायदेशीर आहे आणि पुढचा मॅनेजर कोण यावरही पैसे लावता येतात. या बाजारात उलाढाल थोडी असते, त्यामुळे काही जणांनी एखाद्या नावावर बऱ्यापैकी पैसे लावले तरी भाव लगेच बदलतो. भाव बदलला की बातमी होते, बातमी झाली की आणखी पैसे लागतात. शिवाय मॅनेजरांचे एजंट असतात. आपल्या माणसाला सध्याच्या क्लबकडून पगारवाढ मिळवून द्यायची असेल, तर दुसरा मोठा क्लब त्याच्या मागे आहे अशी कुजबुज उपयोगी पडते. चाहते ज्या यादीवर हमरीतुमरीवर येतात, त्यातली काही नावे क्लबच्या कार्यालयात कधी उच्चारलीही गेलेली नसतात.

खरी यादी बनते ती वेगळ्याच चाळणीतून. आता बहुतेक मोठ्या क्लबांत क्रीडा संचालक असतो आणि खेळाडूंची खरेदी तो पाहतो. मॅनेजरचे काम बरेचसे मुख्य प्रशिक्षकापुरते उरले आहे. हाताशी असलेल्या खेळाडूंना कोणाची पद्धत झेपेल, त्याच्या आधीच्या संघांत खेळाडू किती जखमी होत, तरुणांना संधी मिळे का, याची आकडेवारी तपासली जाते. तो करारबद्ध असेल तर त्याच्या क्लबला भरपाई द्यावी लागते. अव्वल श्रेणीसाठी युएफा या युरोपियन फुटबॉल संघटनेचा प्रो परवाना लागतो. तो नसलेल्या विल स्टिल यांना प्रशिक्षक ठेवल्याबद्दल फ्रान्सच्या राँस क्लबने २०२२-२३ मध्ये दर सामन्याला २५,००० युरो दंड भरला, आणि संघ इतका चांगला खेळत होता की तो आनंदाने भरला.

मॅनेजर बदलल्याने नेमका किती फरक पडतो, हा अर्थशास्त्रज्ञांच्याही कुतूहलाचा विषय आहे. पत्रकार सायमन कूपर आणि अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी दाखवले की दीर्घकाळात क्लबचे लीगमधले स्थान प्रामुख्याने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च होतो त्यावरून ठरते. बास टेर वील या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या लीगमधील अनेक हंगाम अभ्यासले. मॅनेजर काढल्यावर संघाची कामगिरी सुधारते खरी. पण तशीच घसरण होऊनही ज्यांनी मॅनेजर काढला नाही, त्या क्लबांची कामगिरीही तितकीच सुधारली होती. कारण उघड आहे. काही पराभव दुखापतींमुळे, काही दुर्दैवाने होतात, आणि वाईट काळ बहुधा आपोआप सरतो. तो सरण्याच्या सुमारास आलेला माणूस श्रेय घेऊन जातो.

माणूस ओळखण्यात चाहते, समालोचक, माजी खेळाडू सगळेच चुकतात. १९९६ मध्ये आर्सेन व्हेंगर जपानच्या नागोयाहून आर्सेनलमध्ये आले तेव्हा लंडनच्या एका सायंदैनिकाने हे कोण असा सवाल केला होता. २०१५ मध्ये लेस्टरने क्लॉडिओ रानिएरी यांना नेमले तेव्हा क्लबचा माजी खेळाडू गॅरी लिनेकर यानेच जाहीर आश्चर्य व्यक्त केले. व्हेंगर यांच्या संघाने २००३-०४ मध्ये लीग अपराजित जिंकली आणि रानिएरींच्या लेस्टरने २०१६ मध्ये जेतेपद पटकावले.

पण नेमणुकीआधीच कोण नको, हे सांगण्यात चाहते क्वचित चुकतात. जून २०२१ मध्ये टॉटनहॅमची जेनारो गट्टूसो यांच्याशी बोलणी चालल्याचे कळताच चाहत्यांनी एवढा विरोध केला की ती थांबली. त्याच महिन्यात एव्हर्टनने शहरातल्याच प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचे माजी मॅनेजर राफाएल बेनिटेझ यांना नेमले. एव्हर्टन छोटा क्लब आहे असे त्यांनी पूर्वी एकदा म्हटलेले तिथे कोणी विसरले नव्हते. पहिल्या पराभवांबरोबर प्रेक्षक विरोधात गेले आणि जानेवारीत ते गेले. ज्याला प्रेक्षक मनाने स्वीकारत नाहीत, त्याला अडचणीच्या काळात उसंत मिळत नाही. क्लबांनी चाहत्यांचे ऐकावे ते इथे.

काही क्लबांत चाहत्यांचे मत नुसते ऐकले जात नाही, मोजले जाते. बार्सिलोना सभासदांच्या मालकीचा आहे. अध्यक्ष निवडणुकीतून ठरतो आणि प्रशिक्षकाचे नाव प्रचाराचा भाग होते. मार्च २०२१ च्या निवडणुकीत व्हिक्टर फोंत यांनी क्लबचा जुना खेळाडू शावी याला आणण्याचे आश्वासन दिले होते. सभासदांनी जुआन लापोर्ता यांना निवडले. आठ महिन्यांनी लापोर्ता यांनीच शावीला आणले, आणि २०२२-२३ चे स्पॅनिश लीग जेतेपद बार्सिलोनाला मिळाले.

भारतात हा वाद तीव्र झाला अशा प्रसंगांपैकी एक गोव्यातला. सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोवाचे प्रशिक्षक झाले. पायाजवळ चेंडू ठेवून, छोटे पास देत आक्रमण करणारा त्यांचा संघ गोवेकरांना मनापासून आवडला. २०१९ मध्ये आयएसएल या भारतीय लीगची अंतिम फेरी गाठली, त्याच वर्षी सुपर कप जिंकला. ३१ जानेवारी २०२० रोजी, संघ गुणतक्त्यात वरच्या फळीत असताना आणि लीगचे तीनच सामने उरले असताना, क्लबने त्यांना दूर केले. चाहत्यांना मोठा धक्का बसला. क्लिफर्ड मिरांडा यांनी काळजीवाहू म्हणून सूत्रे घेतली. संघाने तिन्ही सामने जिंकले, जमशेदपूरला ५-० ने हरवून लीग विजेत्यांची शील्ड मिळवली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. त्या तीन विजयांनी क्लबचा निर्णय बरोबर ठरल्यासारखे दिसले. पण संघ लोबेरांनी बांधलेला होता. पुढच्या हंगामात ते मुंबई सिटीत गेले आणि मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस व मंदार राव देसाई हे गोव्याचे खेळाडूही मुंबईत आले. मार्च २०२१ मध्ये उपान्त्य फेरीत मुंबईने गोव्यालाच पेनल्टींवर ६-५ ने बाहेर काढले आणि मडगावच्या फातोर्डा मैदानावर एटीके मोहन बागानला २-१ ने हरवून चषक जिंकला. शील्ड आणि चषक एकाच हंगामात जिंकणारा मुंबई सिटी हा आयएसएलमधला पहिला क्लब ठरला.